लेखणी आणि खतावणी : महिला महाविद्यालयांतील व्यवसायाभिमुख शिक्षणाचा अर्थ

दहावी-बारावीचे निकाल लागले की निवासी शाळेच्या कार्यालयासमोर पालकांची गर्दी होते. गुणपत्रिका हाती पडते, शाळा सोडल्याचा दाखला मिळतो आणि निघता निघता बाप किंवा आई हळूच विचारते, "सर, पोरीला आता कुठं घालायचं?" या प्रश्नाची उत्तरे बहुधा ठरलेली असतात. गुण चांगले असतील तर विज्ञान, नाहीतर परिचर्या, अध्यापन पदविका, फार तर शिवणकामाचा वर्ग. 'लेखन' हा उपजीविकेचा विषय होऊ शकतो, ही गोष्ट सहसा कोणाच्या मनात येत नाही. 'व्यवसाय' म्हटले की "आपलं कुठं दुकान आहे?" असा प्रतिप्रश्न होतो. प्रस्तुत लेखात या दोन उपेक्षित वाटांचा परिचय करून देण्याचा प्रयत्न आहे. महिला महाविद्यालयांत लेखन आणि व्यवसाय यांचे जे करिअराभिमुख अभ्यासक्रम चालतात ते कोठून आले, त्यांत काय शिकवले जाते, त्यांच्या मर्यादा कोणत्या आणि आपल्या मुलींच्या दृष्टीने त्यांचे मोल काय, एवढ्याच प्रश्नांचा येथे विचार केला आहे.

दोन वह्यांची सत्ता

जुन्या गावगाड्यात सत्ता दोन वह्यांत साठलेली होती. एक कुलकर्ण्याचे दफ्तर, दुसरी सावकाराची खतावणी. जमीन कोणाची, सारा किती भरला, कर्ज किती फिटले आणि किती राहिले, हे सारे त्या वह्यांत लिहिलेले असे. ज्याच्याविषयी लिहिले त्याला मात्र ते वाचता येत नसे. त्याच्या वाट्याला शाईत बुडवलेला अंगठा तेवढा येई. निरक्षर शेतकऱ्याची या कागदांच्या आधारे कशी लुबाडणूक होते, हे महात्मा फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये सविस्तर मांडले आहे. त्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग विद्यार्थिनीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. अवघ्या काही वर्षांच्या शिक्षणानंतर एका मुलीने आपल्या समाजाचे दुःख स्वतःच्या शब्दांत कागदावर उतरवले. आजवर इतरांनी लिहिलेल्या वहीत ज्यांची केवळ नोंद होत होती, त्यांच्यातलीच एक मुलगी आता स्वतः लिहू लागली होती.

तथापि केवळ लेखणी हाती येऊन भागत नाही, याचाही धडा आपल्याच इतिहासात आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१८ ते १९२० या काळात मुंबईच्या सिडनहॅम या वाणिज्य महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. त्याच काळात, ३१ जानेवारी १९२० रोजी, 'मूकनायक' पाक्षिकाचा पहिला अंक निघाला. राजर्षी शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले होते. 'मूकनायक'चे लेखन किती तेजस्वी होते हे आजही वाचताना जाणवते. तरीही आर्थिक ओढाताणीत ते पत्र १९२३ साली बंद पडले. वर्गणीदार, जाहिराती, छपाईचे देणे आणि टपालखर्च यांचा मेळ बसल्यावाचून उत्तमातला उत्तम मजकूरही वाचकाच्या हाती पोचत नाही. दुसऱ्या बाजूने, हिशेब चोख ठेवणाऱ्याला आपले म्हणणे कागदावर मांडता आले नाही, तर त्याचा धंदा गल्लीबाहेर जात नाही. लेखणी आणि खतावणी ही एकाच गाडीची दोन चाके आहेत. ज्या महाविद्यालयांनी ही दोन्ही चाके जोडली त्यांचा इतिहास म्हणूनच अभ्यासण्यासारखा आहे.

बोस्टनमधील एक मृत्युपत्र

अमेरिकेतील बोस्टन शहरात जॉन सिमन्स नावाचा व्यापारी होता. पुरुषांच्या तयार कपड्यांच्या धंद्यात त्याने मोठी संपत्ती मिळवली. तो १८७० साली वारला. स्त्रियांना स्वतंत्रपणे उपजीविका करता यावी अशा कला, शास्त्रे आणि उद्योग शिकवणारे महाविद्यालय आपल्या संपत्तीतून स्थापन व्हावे, असे त्याने मृत्युपत्रात लिहून ठेवले होते. परंतु १८७२ साली बोस्टनला भीषण आग लागली आणि ज्या इमारतींच्या उत्पन्नावर ही योजना उभी राहायची त्या भस्मसात झाल्या. विश्वस्तांना वर्षानुवर्षे थांबून निधी पुन्हा उभा करावा लागला. अखेर १८९९ साली संस्थेला सनद मिळाली आणि १९०२ साली सिमन्स महाविद्यालयाचे वर्ग सुरू झाले.

त्या काळी अमेरिकेत स्त्रियांची महाविद्यालये होती. पण त्यांतील नामवंत संस्थांचा भर भाषा, साहित्य, तत्त्वज्ञान अशा उदार शिक्षणावर होता. सिमन्सने वेगळा मार्ग धरला. कार्यालयीन सचिवाचे काम, ग्रंथालयशास्त्र, गृहव्यवस्थापन, विज्ञान अशा विषयांची व्यावसायिक तयारी आणि तिच्या जोडीला इतिहास, भाषा, अर्थशास्त्र यांचे पदवी दर्जाचे शिक्षण, अशी तेथील रचना होती. लघुलेखन व टंकलेखन शिकणाऱ्या विद्यार्थिनीला केवळ बोटांचा वेग वाढवून सुटका मिळत नसे. जे पत्र ती टंकलिखित करी त्यातील विषयही तिला समजावा, अशी अपेक्षा असे. १९०४ साली तेथे समाजकार्याचे शिक्षणही सुरू झाले.

मात्र या शिक्षणाला एक मर्यादा होती. ती समजून घेतल्याशिवाय पुढची कथा कळत नाही. सचिवपदाचे शिक्षण घेतलेल्या मुलीला नोकरी मिळे, पगार मिळे, घराबाहेर मान मिळे. परंतु कार्यालयात तिची जागा ठरलेली होती. साहेब बोलणार, ती टिपणार. साहेब निर्णय घेणार, ती तो निर्णय नीटनेटक्या पत्रात बसवणार. लेखणी तिच्या हातात होती, शब्द दुसऱ्याचे होते. व्यवस्थापनाच्या वरच्या शिक्षणाची दारेही फार काळ बंद होती. त्याच परिसरातील हार्वर्ड विद्यापीठाच्या व्यवसायशिक्षण संस्थेने दोन वर्षांच्या एम.बी.ए. अभ्यासक्रमाला स्त्रियांना प्रथम प्रवेश दिला तो १९६३ साली, आणि त्या पहिल्या तुकडीत अवघ्या ८ स्त्रिया होत्या.

१९७०च्या दशकात सिमन्सने खास स्त्रियांसाठी व्यवस्थापनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. मार्गारेट हेनिग आणि ॲन जार्डिम या दोघी विदुषी त्याच्या संस्थापक होत. मोठ्या पदांवर पोचलेल्या स्त्रियांचा अभ्यास करून त्यांनी १९७७ साली 'द मॅनेजिरिअल वुमन' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील एक निरीक्षण आजही विचार करायला लावते. मुलगे लहानपणापासून सांघिक खेळ खेळतात. हार पचवणे, न आवडणाऱ्या गड्याबरोबरही जुळवून घेणे, संघाची चाल ओळखणे हे ते नकळत शिकतात. कार्यालयातील अलिखित नियम याच मुशीतून घडलेले असतात. मुलींना हे नियम कोणी सांगितलेलेच नसतात. अनेक स्त्रिया आजचे काम उत्तम करतात, पण पाच वर्षांनी आपण कोठे असू याचा आराखडा त्यांनी केलेला नसतो. नोकरी आणि करिअर यांतील भेद तो हाच. नोकरी म्हणजे आज हाती असलेले काम. करिअर म्हणजे त्या कामातून पुढे जाणारी, आपण स्वतः आखलेली वाट.

टिपून घेणाऱ्या हातापासून निर्णय घेणाऱ्या पदापर्यंतचा हा प्रवास एकाच संस्थेच्या आवारात सुमारे सात दशकांत घडला. महिला महाविद्यालयातील कोणताही अभ्यासक्रम पारखण्याची कसोटी आपल्याला यातून मिळते. हा अभ्यासक्रम मुलीला दुसऱ्याचे शब्द टिपायला शिकवतो की स्वतःचे मांडायला? दुसऱ्याच्या वहीत नोंदी करायला शिकवतो की स्वतःची वही उघडायला?

महाराष्ट्रातील प्रयोग

अशीच एक वाट आपल्याकडेही निघाली होती, जरी तिचा आरंभ निराळ्या हेतूने झाला. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या वाचनात जपानमधील महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका आली. तिच्यापासून स्फूर्ती घेऊन त्यांनी १९१६ साली पुण्यात भारतातील पहिले महिला विद्यापीठ स्थापन केले. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लक्ष रुपयांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्रींच्या स्मरणार्थ विद्यापीठाला श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले. तेच आजचे एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठ. १९३६ साली त्याचे मुख्य कार्यालय मुंबईस गेले.

या विद्यापीठाचे दोन निर्णय आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. पहिला, शिक्षणाचे माध्यम मातृभाषा ठेवून इंग्रजी हा आवश्यक विषय म्हणून शिकवणे. दुसरा, ज्यांना रोज वर्गात येणे शक्य नाही अशा स्त्रियांना घरी अभ्यास करून परीक्षेस बसू देणे. मातृभाषेत विचार स्पष्ट झाला की तो दुसऱ्या भाषेत नेता येतो, हे लेखनशिक्षणाचे मूलतत्त्व पहिल्या निर्णयात होते. आणि संसाराची जबाबदारी पेलणाऱ्या स्त्रीलाही पदवीचा हक्क आहे, हे दुसऱ्यात. प्रारंभीच्या अभ्यासक्रमात गृहशास्त्र आणि आरोग्यशास्त्र यांना मोठे स्थान होते. स्त्रीचे जग घरापुरतेच, अशी त्या काळाची समजूत त्यामागे होती, हेही प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. पुढे काळाबरोबर परिचर्या, ग्रंथालयशास्त्र, वाणिज्य, औषधनिर्माणशास्त्र हे विषय आले आणि १९९७ साली मुंबईत जानकीदेवी बजाज व्यवस्थापन संस्था सुरू झाली. घराच्या व्यवस्थापनापासून उद्योगाच्या व्यवस्थापनापर्यंत हा प्रवास झाला.

या इतिहासात पालकांसाठी एक व्यवहारी बोधही आहे. या विद्यापीठाला कायद्याने मान्यता मिळाली ती १९५१ साली, म्हणजे स्थापनेनंतर ३५ वर्षांनी. तोवर तेथील पदवीधर स्त्रिया विदुषी असूनही त्यांच्या पदवीला शासकीय मान्यतेचे पाठबळ नव्हते. शिक्षण आणि त्याची मान्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजही प्रवेश घेताना दोन्हींची चौकशी केली पाहिजे.

प्रत्यक्षात काय शिकवतात?

'लेखनाचा अभ्यासक्रम' म्हटले की कथा-कविता डोळ्यांसमोर येतात. त्यांचे स्थान आहेच. परंतु उपजीविका देणारे लेखन बहुतांशी निराळे असते. बातमी, वृत्तलेख, मुलाखत, संपादन, मुद्रितशोधन, भाषांतर, जाहिरातीचा मजकूर, ध्वनिचित्रफितीची संहिता, यंत्र वापरण्याच्या सूचना, संस्थेचा वार्षिक अहवाल, निधीसाठीचा प्रस्ताव, सभेचे इतिवृत्त अशी ही कामे आहेत. या सर्वांत एक गुण समान लागतो. वाचणारा कोण आहे आणि वाचल्यावर त्याने काय करावे, हे लिहिण्यापूर्वी ठरवणे. चांगल्या महाविद्यालयात विद्यार्थिनीकडून एकच मजकूर चार-चार वेळा लिहून घेतला जातो, लाल शाईने भरलेली पाने परत दिली जातात आणि तीन वर्षांच्या अखेरीस तिच्याजवळ स्वतःच्या निवडक लेखनाची एक संचिका तयार होते. नोकरीच्या मुलाखतीत गुणपत्रिकेइतकेच वजन या संचिकेला असते.

व्यवसायाच्या अभ्यासक्रमात पुस्तपालन, खर्चनिश्चिती, विपणन, करार, करप्रणाली, संगणकीय लेखा आणि मनुष्यबळ व्यवस्थापन हे विषय असतात. नावे जड वाटतात, आशय घरगुती आहे. एक उदाहरण घेऊ. समजा, बचतगटातील एक भगिनी शेंगदाण्याची चटणी करून विकते. एक किलो चटणीसाठी दाणे, लसूण, तिखट, मीठ मिळून १६० रुपये, इंधन १० रुपये, पिशवी व लेबल १५ रुपये आणि बाजारापर्यंत नेण्याचे १५ रुपये लागतात. एकूण खर्च २०० रुपये. चटणी २४० रुपयांना विकली, म्हणजे ४० रुपये नफा झाला, असे तिला वाटते. परंतु एक किलो चटणीसाठी तिचा एक तास गेला आणि त्या तासाची मजुरी ५० रुपये धरली, तर तिला प्रत्यक्षात १० रुपये तोटा झाला आहे. स्वतःच्या श्रमाची किंमत हिशेबात न धरण्याची सवय स्त्रियांना पिढ्यान् पिढ्या लावली गेली. खर्चनिश्चितीचा पहिला धडा ही सवय मोडतो. पुढचा धडा खेळत्या भांडवलाचा. दुकानदार महिन्याने पैसे देतो, दाणे मात्र रोखीने घ्यावे लागतात. मग मधला महिना कसा निभवायचा? अनेक लहान उद्योग तोट्यामुळे बुडत नाहीत, ते या मधल्या महिन्यात बुडतात.

आता त्याच चटणीच्या पिशवीवरील लेबल पाहू. पदार्थाचे नाव, घटकपदार्थ, निव्वळ वजन, उत्पादनाची तारीख, किती काळात वापरावे, किंमत, उत्पादकाचे नाव-पत्ता, शाकाहाराचे हिरवे चिन्ह आणि अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा परवाना वा नोंदणी क्रमांक, एवढे सारे त्या तळहाताएवढ्या कागदावर बसवायचे असते. त्यातील एक ओळ चुकली तर माल परत येतो. सारे बरोबर असून मजकूर गचाळ असला तर गिऱ्हाईक हात लावत नाही. लेखन आणि व्यवसाय हे दोन विषय त्या लहानशा कागदावर एकत्र येतात. बँकेकडे कर्जासाठी दिलेल्या प्रकल्प अहवालाचेही तसेच. २०१६ साली सुरू झालेल्या 'स्टँड अप इंडिया' योजनेत अनुसूचित जाती-जमातींतील आणि स्त्री उद्योजकांना १० लाख ते १ कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जाची तरतूद करण्यात आली होती. अशा योजनेचे दार उघडते ते आकडे बरोबर असलेल्या आणि भाषा नेमकी असलेल्या अहवालाने. तो अहवाल दुसऱ्याकडून पैसे देऊन लिहून घेतला, तर बँक अधिकाऱ्याच्या पहिल्याच प्रश्नाला अर्जदार निरुत्तर होते.

मुलींसाठी वेगळे महाविद्यालय कशासाठी?

हा प्रश्न रास्त आहे. जग स्त्री-पुरुषांचे एकत्र आहे. मग शिक्षण वेगळे का? याचे उत्तर मुलीगणिक निराळे असेल. महिला महाविद्यालयात नियतकालिकाची संपादक मुलगीच असते, खजिनदारही मुलगीच, व्यासपीठ बांधणारी आणि ध्वनिक्षेपक दुरुस्त करवून आणणारीही मुलगीच. 'हे काम मुलांचे' असे म्हणायला तेथे मुले नसतात. घरातून प्रथमच बाहेर पडणाऱ्या मुलीला या मोकळीकीचा लाभ होतो, आणि दूर शिकायला पाठवण्यास बिचकणाऱ्या पालकांनाही धीर येतो. दुसरीकडे, काही ठिकाणी 'मुलींचे महाविद्यालय' या नावाखाली सोपे विषय, अपुरी ग्रंथसंपदा आणि केवळ लग्नापर्यंतचा काळ घालवण्याची व्यवस्था असते. म्हणून नावावर न जाता वर उल्लेखिलेली कसोटी लावावी.

प्रवेशापूर्वी काही प्रश्न अवश्य विचारावेत. विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आणि नॅक मूल्यांकन आहे काय? अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामाचा अनुभव किती आठवड्यांचा आहे आणि तो कोठे मिळतो? शिकवणाऱ्यांपैकी कोणी वृत्तपत्रात, प्रकाशनसंस्थेत, बँकेत वा उद्योगात काम केलेले आहे काय? मागील तीन वर्षांत उत्तीर्ण झालेल्या मुली आज कोठे आहेत? वसतिगृहाची सोय काय? खर्चाच्या बाबतीत मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी असलेली भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना यांची माहिती समाजकल्याण कार्यालयातून वेळेत घ्यावी. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि बँक खाते ही तयारी निकालाच्या आधीच झालेली असावी. अनेक मुलींचे वर्ष गुणांवाचून नव्हे, एका कागदावाचून वाया गेलेले आहे.

फलटणचे दुकान

शेवटी एका अशा स्त्रीचे स्मरण करू, जिला यांपैकी कोणतेही महाविद्यालय लाभले नाही. फलटणच्या बेबीताई कांबळे पतीसह लहानसा धंदा करीत. आधी द्राक्षे, मग भाजी, पुढे किराणा. पुड्या बांधण्यासाठी रद्दीचे कागद दुकानात येत. गल्ल्यावर बसल्या बसल्या त्या ते वाचून काढीत. वाचता वाचता लिहू लागल्या, तेही घरच्यांपासून लपवून. कैक वर्षे त्या वह्या दडवून ठेवलेल्या होत्या. त्यांतूनच 'जिणं आमुचं' हे आत्मकथन आकाराला आले, ते १९८६ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले आणि मराठी साहित्यात त्याने आपले स्थान कायम केले. पुढे त्यांनी फलटणजवळच्या निंबुरे गावी वंचित मुलांसाठी निवासी शाळाही चालवली.

दुकानाचा हिशेब आणि वहीतील लेखन, दोन्ही बेबीताईंनी एकाच बैठकीवर बसून केले. त्यांना लेखन लपवावे लागले आणि पुढ्याच्या कागदांवरून शिकावे लागले. आपल्या मुलींना तसे करावे लागू नये, याचसाठी महाविद्यालये आहेत, शिष्यवृत्त्या आहेत, वसतिगृहे आहेत. त्यामुळे पुढच्या निकालाच्या दिवशी कार्यालयासमोर तोच प्रश्न विचारला जाईल तेव्हा उत्तर देण्यापूर्वी आपण मुलीला दोन प्रश्न विचारावेत. तुला काय लिहावेसे वाटते? आणि घरचा महिन्याचा हिशेब तू मांडून दाखवशील का? या दोन प्रश्नांना तिने डोळे वर करून उत्तर दिले, तर तिच्यासाठी एक वाट मोकळी आहे, हे पालकांना सांगणे आपले कर्तव्य ठरते.